काकांचा जुना शिकारी चाकू धारवाल्याकडे नेऊ नका

इथे एकाने लिहिलंय: काकांनी अमेरिकेहून आणलेला वेस्टर्न या अमेरिकन कंपनीचा चाकू, पात्यावर ‘बोल्डर, कोलो.’ (कोलोरॅडोतलं बोल्डर गाव) ठसा, चामड्याच्या चकत्यांची मूठ, मूठ आणि पातं यांच्यामधल्या पितळी गार्डवर हिरवा थर, पात्यावर काळे डाग, आणि ‘उद्या धारवाल्याकडून चकाचक करून आणतो’... हे वाचून राहवलं नाही. कृपा करून नेऊ नका. अगदी असाच चाकू मी अशाच घाईत घालवला आहे.

ते काळे-करडे डाग म्हणजे गंज नव्हे. कार्बन स्टीलवर वापराने चढणारा तो पॅटिना, जुन्या विळीच्या पात्यावर असतो तसाच. तो राहू द्या, संग्राहक आधी तोच बघतात. बोटाला लाल-तपकिरी लागतो तो गंज, काढायचा तो तेवढाच.

धारवाल्याच्या मोटारीवर फिरणाऱ्या दगडावर आणि बफवर (पॉलिशच्या कापडी चाकावर) दोन गोष्टी जातात. एक म्हणजे ठसा. अक्षरांच्या कडा गोल होतात, रेषा बुजतात. वेस्टर्नचा कारखाना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बोल्डरहून कोलोरॅडोतल्याच लाँगमाँटला गेला, त्यामुळे चाकूचं वय सांगणारा पुरावा तोच. दुसरं म्हणजे पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा, आणि हे नुकसान जास्त मोठं. धारेची कड कागदासारखी पातळ असते, कोरड्या दगडावर ती क्षणात तापते. २२०-२३० अंश सेल्सिअसला पिवळसर झाक येते, ३००च्या आसपास निळी. निळी रेघ दिसली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. बफ मारला की रेघ पुसली जाते, मऊपणा तसाच राहतो. नंतर कितीही धार लावा, चार टोमॅटो कापले की बोथट. मऊ भाग पूर्ण झिजवून काढणं एवढाच उपाय उरतो, म्हणजे पातं अरुंद आणि धारेमागे जाड. ‘काही होत नाही साहेब’ म्हणणाऱ्याला कडा बघायला वेळ नसतो.

घरी करायचं ते असं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन गंजावर रात्रभर ठेवा. सकाळी ०००० नंबरच्या स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा, ठसा सोडून. खड्डे राहिले तर राहू द्या. पितळ मात्र म्यानामुळे कळकलंय. चामडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात उरतात, आंबट ताकाने भांडं कळकावं तसाच प्रकार. हिरवा थर लाकडी टूथपिकला तेल लावून खरवडा. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यातलं काहीही नको. त्यांचा ओलावा चकत्यांत मुरतो, वाळताना चकत्या आकसतात आणि मूठ हलायला लागते. चकत्यांना फक्त मेणाचं पातळ बोट.

धार १००० ग्रिटच्या पाण्याच्या दगडावर, प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. पातं इंचभर रुंद असेल तर पात्याची पाठ (धारेसमोरची जाड कड) दगडापासून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर वर येते. धारेच्या कडेला मार्करने रंग द्या. शाई धारेपर्यंत पुसली जात असेल तर कोन बरोबर, वरच्या अंगाला पुसली तर पाठ फार खाली आहे. दुसऱ्या बाजूला टोकापर्यंत बर (बोटाला खरखरीत लागणारी धातूची बारीक कड) लागली की बाजू बदला.

माझं मत विचाराल तर कॅम्पला हा चाकू नेऊच नका. त्या कामाला ‘मोरा’ या स्वीडिश कंपनीचा ‘कंपॅनियन’ हा स्टेनलेस चाकू घ्या, चिखलात पडला तरी जीव तुटत नाही. (आपल्याकडे शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे काम लाकूड आणि कांदा-बटाट्याचंच.) मी वकील नाही, पण पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. कुठलाही चाकू घेण्याआधी पातं मोजा, आणि शंका असेल तर जाणकाराला विचारा.

पावसाळ्यात चाकू म्यानात ठेवू नका. तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. म्यान फाटकं असलं तरी टाकू नका, शिवूही नका. मूळ म्यानासकट चाकूची किंमत वेगळी असते. आणि साफ करण्याआधी ठशाचा जवळून फोटो काढून इथे टाका.