पावसात सापडलेल्या राणी मुंगीपासून घरी वसाहत वाढवता येईल का? साखर घातली तर खात नाही.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या पावसानंतर गच्चीवर एक मोठी काळी, पंख नसलेली मुंगी सापडली, ती भोकं पाडलेल्या डबीत ठेवलीय आणि तीन दिवस झाले तरी साखरेला शिवत नाही. आधी ती साखर काढा. तिला खायचं नाहीये आणि पुढचे दीड-दोन महिने ती खाणारही नाही.

वर्णनावरून ही काळ्या मुंगळ्याची, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस या जातीची राणी वाटते. तरी खात्री करून घ्या. राणी साधारण पावणेदोन सेंटिमीटर लांब असते. मुंगळ्यांत मोठ्या डोक्याचे कामकरीही जवळपास तेवढेच भरतात, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका, पाठ बघा. कामकऱ्याची छाती सडपातळ असते. राणीची छाती फुगीर, कुबड आल्यासारखी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. पंख आपोआप गळत नाहीत, मीलनानंतर राणी ते स्वतः मोडून टाकते. म्हणून पंख नसलेली, जमिनीवर लगबगीने आडोसा शोधणारी राणी सगळ्यात भरवशाची. पंखवाली सापडली तर ती फळलेली असेलच असं नाही. याच दिवसांत दिव्याभोवती जमते ती वाळवी: कंबर नाही, मिशा सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे. तिचा इथे काही उपयोग नाही. वारूळ खणून राणी काढण्याच्या फंदात तर पडूच नका. जुनी राणी कामकऱ्यांशिवाय नव्याने संसार मांडू शकत नाही आणि मागे राहिलेली वसाहत मरते.

आता न खाण्याबद्दल. मुंगळ्याची राणी बिळात स्वतःला कोंडून घेते आणि अंगातल्या चरबीवर जगते. उडायचे स्नायू आता कामाचे नसतात, तेही विरघळवून ती अळ्यांना भरवते. साखर ठेवली की मिळतं काय, तर चिकट पाय, बुरशी आणि बेचैन राणी. हा नियम सगळ्या जातींना लागू नाही. काही जातींच्या राण्या पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत शिकारीला बाहेर पडतात, त्यांना खायला घालावंच लागतं. डायाकॅमा जातीत तर वेगळी राणीच नसते, एक कामकरीच अंडी घालते. मुंगळ्यापासून सुरुवात होतेय हे तुमचं नशीब.

डबी बाद करा आणि काचेची परीक्षानळी आणा, १५० मिमी लांब आणि १८ ते २० मिमी रुंद. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळते. बारीक नळीत मुंगळ्याच्या राणीला धड वळता येत नाही. तळाशी पाच-सहा सेंटिमीटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. मग औषधाच्या दुकानातल्या कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीने सरकवत पाण्याला टेकेपर्यंत न्या. बोळा भिजला पाहिजे, पण त्याच्यावर पाणी साचता कामा नये. बोळा आणि पाणी यांच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, कारण दुपारच्या उकाड्यात तो फुगतो, पाणी पुढे ढकलतो आणि सकाळी राणी तळ्यात बसलेली दिसते. ओल्या बोळ्यापुढे चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा, त्यात राणी, आणि तोंडाशी कोरड्या कापसाचा सैलसर बोळा. त्यातून हवा जाते, भोकं पाडायची गरज नाही. राणीला चिमट्याने धरू नका. नळीचं तोंड तिच्यापुढे धरा आणि मागून कागदाने हळूच ढकला.

नळी आडवी ठेवायची, गडगडू नये म्हणून खाली थोडी माती किंवा डिंक लावायचा. वरून लाल जिलेटिन पेपर गुंडाळा. मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांना अंधार वाटतो आणि तुम्हाला आत बघता येतं. जागा २५ ते २८ अंशांची, हादरे नसलेली हवी. फ्रिजवर नको, मिक्सरच्या ओट्यावर नको. डांबराच्या गोळ्या असलेलं कपाट आणि देवघर तर अजिबात नको. डासांची कॉइल, लिक्विड, धूप, कापूर, मुंग्यांचा खडू यांपैकी काहीही त्या खोलीत चालणार नाही.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड: काही करायचं नाही. आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट बघा. रोज नळी उचलली की राणी घाबरते आणि अंडी स्वतःच खाऊन टाकते. पहिली अंडी बहुतेक आठवड्याभरात दिसतात, कधी दोन आठवडे लागतात. पहिली खेप पाच ते पंधरा अंड्यांची असते. मग अळ्या, मग तांदळाच्या दाण्यासारखे फिकट कोष (लोक यांनाच मुंगीची अंडी समजतात), आणि सहा ते आठ आठवड्यांत पहिल्या कामकरी. त्या अगदीच किरकोळ दिसतील. आईने उपाशीपोटी वाढवलेल्या आहेत, नंतरच्या धडधाकट निघतात.

तीन महिने होऊनही अंड्यांच्या पुढे गाडी गेली नाही तर राणी फळलेली नसावी. जिथे सापडली तिथे सोडून द्या. दोन राण्या एका नळीत ठेवल्या तर लवकर होईल, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुंगळ्याच्या राण्या एकमेकींना मारतात.

कामकरी आल्या की दोन दिवसांनी खाणं सुरू करा. एक भाग साखर, तीन भाग पाणी, आणि त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फॉइलच्या तुकड्यावर. मोठ्या थेंबात त्या बुडून मरतात. अळ्यांना प्रथिनं लागतात, त्यासाठी आठवड्यातून दोनदा फळमाशी किंवा बॅटने मारलेला डास द्या. फवाऱ्याने मेलेला डास म्हणजे अख्ख्या वसाहतीला विष. कीटक देण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे त्यावरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी मरतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी उचला.

आपल्याकडे बुरशीपेक्षा मोठा धोका घरातल्याच बारीक मुंग्यांचा. कापसाच्या फटीतून त्या आत शिरतात आणि एका रात्रीत अंडी-अळ्या साफ करतात. त्यावर आजीचाच उपाय चालतो: दुधाच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या तसं नळीचा डबा पाण्याच्या ताटात उंचावर ठेवा आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

ओला कापूस पिवळसर झाला तर घाबरू नका. काळी बुरशी पसरली किंवा पाणी संपत आलं तरच नळी बदला. नव्या नळीचं तोंड जुनीला चिकटपट्टीने जोडा, नवी झाका, जुनीवर उजेड ठेवा. दोन-चार दिवसांत बिऱ्हाड आपोआप हलतं. ठोकून काढू नका.

वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत नळी पुरते. मोठं घर आधी दिलं की त्याच्या कोपऱ्यात त्या कचरा टाकतात आणि बुरशी तुमच्या हाताबाहेर जाते. पुढे एखादा प्लास्टिकचा डबा अंगण म्हणून द्या आणि नळी त्यातच ठेवा. त्याच्या भिंतींना आतून वरच्या चार सेंटिमीटरवर सर्जिकल स्पिरिटमध्ये सायीइतपत दाट कालवलेली टाल्कम पावडर लावा. पूर्ण वाळल्यावरच मुंग्या सोडा. पावसाळ्यात ही पावडर ओल धरते आणि मुंग्या सरळ चढून जातात, म्हणून तेव्हा झाकणही हवं. झाकणात बारीक स्टीलची जाळी बसवा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे राणी अंडी घालणं थांबवते. ती आजारी नाही, थंडी आहे. पहिल्या वर्षी वीस-तीस कामकरी झाल्या तरी पुष्कळ. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. मुंगळ्याची तेवढी जगेल असं नाही, पण दोन महिन्यांच्या सुट्टीपुरता हा छंद नाही हे लक्षात घ्या.

आणि ती तुमच्याच गावातली राहू द्या. अभयारण्यातून उचलणं गुन्हा आहे, आणि परदेशी जाती मागवण्याच्या नादाला लागू नका. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० मुंग्या बाहेर नेण्याच्या प्रकरणात दोन बेल्जियन तरुणांना न्यायालयाने दंड ठोठावला. त्या मुंग्या भरल्या होत्या अशाच नळ्यांत, असाच कापूस लावून.