पोलिसांनी एनसी लिहून परत पाठवलं, आता पुढे काय?

प्रश्न : नवऱ्याने मारल्यावर पोलीस ठाण्यात गेले, तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घरी पाठवलं. दोन महिने झाले, माहेरी आहे. सासरचं घर सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे ‘तुझा हक्क नाही’ असं ऐकवतात. केस करायला सासरच्या गावालाच जावं लागेल का? वकिलापुरते पैसे नाहीत.

उत्तर : एनसीची प्रत जपून ठेवा. साधी मारहाण अदखलपात्र असल्याने न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही तक्रार केली होती, याचा तो तारखेसह पुरावा आहे. छळ सततचा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (जुनं ४९८-अ) गुन्हा नोंदवता येतो. तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस परवानगीशिवाय तपास करू शकतात.

घर आणि खर्च मात्र मिळतो तो २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, आणि त्यासाठी एफआयआर लागत नाही. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज चालतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यात. आधी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ते घटना अहवाल भरतात, बोलीभाषेत त्याला ‘डीआयआर’ म्हणतात. वकिलाचं म्हणाल, तर विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा.

अर्ज बहुतेक वेळा कच्चा राहतो तो मजकुरात. ‘नेहमी मारतात, त्रास देतात’ एवढ्यावर न्यायाधीश काय आदेश देणार? तीन-चार घटना तारखेनिशी लिहा. नेमकी तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आदल्या आठवड्यात’ असं लिहा. कशाने मारलं, कुठे लागलं, कोण समोर होतं, हेही येऊ द्या. काय हवंय तेही आकड्यात मांडा : घरभाडं किती, मुलांची फी किती, औषधं किती. दागिन्यांची यादी वजनासह जोडा आणि लॉकर उघडायला मनाई मागा, कारण स्त्रीधन एकदा गायब झालं की ते परत मिळवताना वर्षं जातात.

घराबद्दल : २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही ‘सामायिक घर’, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, मात्र तुमचं तिथलं राहणं पाहुण्यासारखं नव्हे, काहीसं कायमचं हवं. पण सासूबाईंनाच बाहेर काढा, अशी मागणी करू नका. घर सोडण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. त्याऐवजी ‘मला बाहेर काढू नये’, किंवा ते जमत नसेल तर तशाच सोयीचं दुसरं घर वा त्याचं भाडं मागा.

आणि अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज मूळ अर्जाच्याच दिवशी, वेगळा, प्रतिज्ञापत्रासह द्या. कायदा म्हणतो, पहिली तारीख शक्यतो ३ दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न ६० दिवसांत. प्रत्यक्षात त्याहून खूपच उशीर होतो. तोवर हाताशी असतो तो याच कायद्याच्या कलम २३चा अंतरिम आदेश, आणि गरज पडली तर तो एकतर्फी, म्हणजे नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही मिळतो. त्यासोबत दोघांच्याही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र लागतं, तेव्हा स्वतःचं आधी तयार ठेवा. नोकरी असेल तर लपवू नका, कारण ते उघड झालं की बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

प्रश्न : धमक्यांचे मेसेज आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, तेवढं पुरेल का?

उत्तर : एकटे पुरत नाहीत. मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. नुसतं टोपणनाव दिसलं, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दवाखान्याचंही तसंच आहे. ‘जिन्यावरून पडले’ असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे तेच कागद तुमच्याविरुद्ध वापरले जातात. कुणी मारलं ते डॉक्टरांना सांगा आणि कागदाची प्रत मागून घ्या.

प्रश्न : न्यायालयाने महिना ६,००० रुपये खर्च ठरवला, नवरा एक पैसा देत नाही.

उत्तर : थकबाकी वसुलीचा अर्ज लगेच द्या. वसुलीचं वॉरंट मागायचं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. बायका ‘पुढच्या महिन्यात देईल’ म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते. नवरा पगारदार असेल, तर त्याच्या पगारातून रक्कम थेट तुम्हाला देण्याचा आदेश मालकाला देता येतो. तो मागा, कंपनीच्या नाव-पत्त्यासह. मारहाण वा धमकीविरुद्धचा संरक्षण आदेश मोडला, तर गोष्ट वेगळी : १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतलेली बरी.

प्रश्न : शेजारच्या घरातून रोज ओरडणं ऐकू येतं. मी कळवलं, तर माझ्यावरच केस होईल का?

उत्तर : नाही. कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असेल तर ११२, इतर मदतीसाठी १८१. शक्य असेल तर आधी तिला एकटीला गाठून विचारा, कारण पोलीस दाराशी येऊन गेल्यानंतरची रात्र तिलाच काढायची असते.