टरबूज मागितलं आणि खरबूज आलं

एका वाचक ताईंचा प्रश्न असा: "माझं माहेर अमरावतीचं, सासर साताऱ्याचं. पहिल्या उन्हाळ्यात मी 'टरबूज आणा' म्हटलं, तर घरात आलं खरबूज. सासूबाई म्हणतात, ते लाल ते कलिंगड आणि हे केशरी ते टरबूज. बरोबर कोण? कलिंगडाचा कलिंग देशाशी काही संबंध आहे का? आणि उन्हाळ्यात पाण्याऐवजी कलिंगड खाल्लं तरी चालतं, हे खरं का?"

प्रश्न तीन असले तरी त्यांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही सलगच देतो.

आधी घरातला वाद मिटवू. मूळ शब्दाला धरून बोलायचं तर ताई, तुम्ही बरोबर. फारसीत 'तर' म्हणजे ओलं, भिजलेलं. 'तरबतर' मधला तोच 'तर'. त्यावरून 'तरबुज' म्हणजे पाण्याने भरलेलं फळ. मराठीत येताना त्याच्या 'त'चा 'ट' झाला. विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी हा अर्थ जसाच्या तसा टिकला: टरबूज म्हणजे हिरव्या सालीचं, लाल गराचं, काळ्या बियांचं फळ. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात मात्र त्या फळासाठी 'कलिंगड' हा शब्द आधीपासून घट्ट बसलेला होता. मग बाहेरून आलेला 'टरबूज' रिकामा राहिला आणि बरेच जण तो शेजारच्या फळाला, म्हणजे खरबुजाला, लावू लागले. सासूबाई चुकलेल्या नाहीत. त्यांच्या बाजारात त्या शब्दाचा अर्थच तो आहे, आणि भाजीवाल्यालाही तोच कळतो.

ही सरमिसळ फक्त आपल्याकडे झाली असं समजू नका. फारसी 'खरबुजा' हा शब्द तुर्कीत 'कार्पुझ' झाला, ग्रीकमध्ये 'कार्पूझी' आणि रशियनमध्ये 'अर्बूझ'. या तिन्ही भाषांत त्याचा अर्थ आहे कलिंगड! इराणात मात्र खरबुजा म्हणजे खरबूजच. म्हणजे साताऱ्याला जे झालं, तेच इस्तंबूल, अथेन्स आणि मॉस्कोला उलट्या दिशेने झालं. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल.

खरं तर या दोन फळांचं नातं तसं लांबचं. खरबूज काकडीच्या गणातलं, म्हणून त्याच्या बिया काकडीसारख्या चपट्या, फिकट आणि मधल्या पोकळीत गोळा झालेल्या असतात. कलिंगडाचा गणच वेगळा. त्याच्या बिया गरात पसरलेल्या असतात. मिठाईवर पेरायचा 'मगज' कोणता, हे विचारतानाही लोक घोटाळा करतात. 'मग्ज' म्हणजे मेंदू, आतला गाभा. तो खरबुजाच्या बीचाही असतो आणि कलिंगडाच्याही.

आता कलिंगड. संस्कृतात या फळाला 'कालिंग' आणि 'कालिंद' अशी दोन्ही नावं मिळतात. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती आहेत. 'कालिंग' या रूपाचा सरळ अर्थ 'कलिंगाचा, कलिंगातून आलेला' असा होतो. कलिंग म्हणजे आजचा ओडिशा आणि आंध्रचा उत्तर किनारा. शेवटचा 'ड' चामडे, आतडे, कातडे या शब्दांत मूळ शब्दाला जोडून येतो, तसाच इथे आला असावा. कन्नडमध्ये 'कल्लंगडी', दक्षिण गुजरातेत 'कलिंगर', गोव्याच्या कोंकणीतही याच मुळाचा शब्द. म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात हे नाव सलग पसरलेलं दिसतं. (कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'अंगडी' म्हणजे दुकान, म्हणून 'दगडाचं दुकान' अशी फोड कुणी ऐकवली तर ती फक्त गंमत समजा.)

तेव्हा शब्दाचा कलिंगाशी संबंध आहे असं मला वाटतं. पण त्यावरून 'हे फळ मूळचं ओडिशाचं' असं म्हणू नये. ओडिशात आज कलिंगडाला काय म्हणतात ठाऊक आहे? 'तरभुज'. कलिंगातल्या लोकांना ते कलिंगाचं वाटतच नाही.

इथे मला हा विषय फार आवडायला लागतो. इराणात कलिंगडाला 'हेंदवाने' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातलं. तोच शब्द पंजाबीत 'हदवाणा' होऊन बसला आहे, म्हणजे हिंदुस्थानातच हे फळ 'हिंदुस्थानी' म्हणून ओळखलं जातं. स्पेनमध्ये 'सांदिया', हा अरबी 'सिंदिय्या'वरून, म्हणजे सिंधचं. अरबांबरोबर फळ तिथे गेलं आणि नावात सिंध घेऊन गेलं. चीनमध्ये 'शीग्वा', म्हणजे पश्चिमेकडचं फळ, कारण तिथे ते दहाव्या शतकाच्या सुमाराला पश्चिमेच्या वाटेने पोचलं. प्रत्येकाने ते ज्या दाराने घरात आलं त्या दाराचं नाव त्याला दिलं. आपल्या मोसंबीचंही हेच. नाव मोझांबिकवरून, पण लिंबू-संत्र्यांचं हे सगळं कूळ मूळचं आशियातलं.

मग कलिंगडाचं जन्मगाव कोणतं? आफ्रिका, हे पक्कं. आफ्रिकेत कुठे, याचं उत्तर मात्र बरीच वर्षं चुकीचं सांगितलं जात होतं, आणि त्या चुकीतही एका नावाचा हात आहे. कार्ल पेटर थुनबर्ग हा लिनियसचा, म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाचा, शिष्य. १७७३ मध्ये त्याने केपटाउनजवळ एक वेल गोळा केला आणि त्याला 'लानाटा', म्हणजे लोकरीसारखी लव असलेला, असं नाव दिलं. पुढे तेच आपल्या गोड कलिंगडाच्या शास्त्रीय नावात चिकटलं: सिट्रुलस लानाटस. मग साहजिकच लोक म्हणू लागले, कलिंगड दक्षिण आफ्रिकेचं. अलीकडे स्वीडनमधल्या उप्साला इथे जपून ठेवलेल्या त्या वाळक्या नमुन्याचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की थुनबर्गचा वेल कलिंगडाचा नव्हताच. ती वेगळी जात होती. नाव बदललं तर जगभर गोंधळ उडेल, म्हणून शास्त्रज्ञांनी तेच नाव चालू ठेवलं आणि त्यामागचा नमुना तेवढा बदलला. शब्द एकदा रुळला की त्याला हलवणं किती अवघड असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच सासूबाईंचा 'टरबूज' बदलायला निघू नका.

२०२१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सुझान रेनर, गिओम शोमिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आजच्या कलिंगडाचं सर्वांत जवळचं रानटी भावंड सुदानच्या कोर्दोफान भागात आहे. गर पांढरा, चव कडू नाही. इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यात, म्हणजे सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या, कलिंगडाच्या बिया सापडल्या. त्याहून हजारएक वर्षं जुन्या एका थडग्यातल्या चित्रात ताटात ठेवलेलं लांबट, पट्ट्यापट्ट्यांचं फळ आहे. मेलेल्याला पुढच्या प्रवासात पाणी मिळावं म्हणून ते ठेवत असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण कोर्दोफानमध्ये कोरड्या महिन्यांत माणसं आणि गुरं कलिंगडातल्या पाण्यावर दिवस काढत, अशी नोंद आहे. विहीर आटली तरी साल धरलेली फळं आठवडेच्या आठवडे टिकतात. ते फळ म्हणजे पाण्याचं भांडंच.

म्हणून जगात या फळाला हाक मारण्याचे मला दोन मोठे रस्ते दिसतात: कुठून आलं यावरून, नाहीतर आत काय भरलंय यावरून. मल्याळममध्ये 'तण्णिमत्तन', म्हणजे पाण्याचा भोपळा. इंग्रजी 'वॉटरमेलन', जर्मन 'वासरमेलोने', फारसी 'तरबुज', सगळ्यांत पाणी. तुमच्या घरात हे दोन्ही रस्ते एकत्र आलेत. साताऱ्याचं कलिंगड गावावरून, अमरावतीचं टरबूज पाण्यावरून.

आता त्या पाण्याबद्दल, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न. १०० ग्रॅम गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणी असतं, उष्मांक अवघे ३० आणि साखर ६ ग्रॅमच्या आसपास. दुपारी ३०० ग्रॅम फोडी खाल्ल्या तर एक मोठा पेला पाणी प्यायल्यासारखंच. शिवाय पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या वर मिळतं, थोडं 'क' जीवनसत्त्व मिळतं आणि टोमॅटोला लाल करणारं लायकोपीनही मिळतं. कलिंगडात सिट्रुलिन नावाचं एक अमिनो आम्लही आहे. शरीर त्यातून अर्जिनिन बनवतं आणि त्याचा उपयोग रक्तवाहिन्या सैल करायला होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ते पहिल्यांदा कलिंगडाच्या रसातून वेगळं केलं, आणि नावही कलिंगडाच्या गणावरून मिळालं, सिट्रुलस वरून सिट्रुलिन. इथेही शब्दाने फळाची आठवण ठेवली आहे.

पण 'पाण्याऐवजी' म्हणाल तर नाही. पाण्याच्या जोडीला म्हणा. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणजे मुख्यतः सोडिअम, आणि कलिंगडात सोडिअम जवळजवळ नाहीच. १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅम. शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला फोडीवर चिमूटभर मीठ, किंवा सोबत भाकरी-ताक, हवंच. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर कलिंगडावर भागवू नका, जलसंजीवनीच द्या. मधुमेह असेल तर वाटीभर फोडी बहुतेकांना चालतात, त्याचा रस नको. एक पेला रस करायला किती फोडी लागतात ते एकदा मोजून बघा. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम जपायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि सालीचा आतला पांढरा भाग टाकू नका. किसून थालीपिठात घाला, नाहीतर दुधीसारखी भाजी करा. सिट्रुलिन त्यातही असतं.

एक उलट प्रश्न तुम्हाला. विदर्भात नदीच्या पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबूज लावतात त्या जागेला डांगरवाडी म्हणतात, आणि विदर्भ-खानदेशाकडे डांगर म्हणजे खरबूज. तुमच्या माहेरी, आजीच्या वयाच्या कुणी अजून खरबुजाला डांगर म्हणतं का, ते विचारून मला जरूर कळवा. सासरी मात्र हा शब्द जपून वापरा. दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी डांगर म्हणजे लाल भोपळा, आणि या वेळी पिशवीतून तोच निघेल.