बायकोचा लग्नाआधी कॉन्डो होता, आता कॅनडात पहिल्या घराचं टॅक्स क्रेडिट नवऱ्याला मिळतं का?

हो, मिळू शकतं. घर घेतलं ते वर्ष आणि त्याआधीची 4 वर्षं, या काळात तुम्ही स्वतःच्या किंवा बायकोच्या मालकीच्या घरात राहिलेले नसाल तर तुम्ही पात्र, म्हणजे तिने तो कॉन्डो लग्नाआधीच विकला आणि तुम्ही तिथे कधी राहिलाच नाहीत तर तिचं गेलं तरी तुमचं जात नाही. या काळात लग्नानंतर थोडे दिवस जरी तिथे संसार केला असेल तर मात्र दोघांचंही गेलं.

रक्कम 2022 पासून 10,000 डॉलर, पण टॅक्स तिच्या ठरावीक टक्क्यांनीच कमी होतो: 2024 पर्यंत 15 टक्क्यांनी 1,500 ने व्हायचा, 2025 साठी 14.5 टक्क्यांनी 1,450 ने, आणि 2026 पासून 14 टक्क्यांनी 1,400 ने. दोघं पात्र असाल तर वाटून घ्या, पण मिळून 10,000 च, डबल नाही. आणि हे रिफंडेबल नाही हो, म्हणजे टॅक्स शून्यापर्यंतच कमी होतो, उरलेलं हातात मिळत नाही, त्यामुळे ज्याला टॅक्स जास्त बसतो त्याच्याच रिटर्नमध्ये टाका, लाइन 31270.