ॲपवरून कर्ज घेण्याआधी वडिलांचा सिबिल रिपोर्ट काढा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चोपडा तालुक्यात वडिलांच्या नावावर साडेतीन एकर. ‘सिबिल खराब आहे’, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद चांगली नाही, म्हणून बँकेनं पीककर्जाला तोंडी नकार दिला. कपाशीची लागवड तोंडावर आली आणि एक ॲप १०,००० रुपये लगेच द्यायला तयार आहे. घ्यावं का?

घेऊ नका. तुम्हीच दिलेले आकडे पाहा. कर्ज १०,०००, प्रोसेसिंगचे कापून हातात ८,२००, तीस दिवसांनी भरायचे १०,५००. म्हणजे ८,२०० वर महिन्याला २,३००. शेकडा २८ पडला! गावात सावकारानं शेकडा पाच लावला तरी लोक बोटं मोडतात. आणि कपाशीचा पहिला पैसा येणार दसरा-दिवाळीला. जुलैत हे १०,५०० कुठून आणाल? दुसऱ्या ॲपवरून. लोक अडकतात ते इथेच.

त्या ॲपनं फोनमधले काँटॅक्ट मागितले, हेही तुम्ही लिहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याला मनाई आहे. वसुलीला नातेवाइकांना फोन लावायचे असतात, म्हणून ते मागतात. ॲप आजच काढून टाका.

आता बँकेचं. पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. मुदतीत भरलं की केंद्राची ३ टक्के सवलत, आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, त्यामुळे व्याज शून्यावर येतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारणही लागत नाही. एवढं स्वस्त कर्ज एका तोंडी नकारावर सोडून देऊ नका. नकार लेखी मागा, त्यात कारण लिहून द्या म्हणावं.

दरम्यान वडिलांचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. नुसता स्कोअर बघू नका, एकेक खातं उघडून बघा. आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, कुणाच्या तरी ट्रॅक्टरला दिलेला जामीन. हप्ते त्यानं थकवले, डाग वडिलांच्या नावावर. दुसरी, २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं खातं. बँकेच्या वहीत ते निल, म्हणजे बाकी शून्य असतं, रिपोर्टमध्ये मात्र अजून थकीत किंवा ‘सेटल्ड’ (तडजोडीत मिटवलेलं) दिसतं. असं असेल तर बँकेकडून निल दाखला घ्या आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

वडील विकास सोसायटीचे (गावातली पीककर्ज देणारी सहकारी संस्था) सभासद आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर सोसायटीचं काम बघणाऱ्या गटसचिवाला आधी भेटा. सातबारा आणि शेतकरी ओळखपत्र सोबत असू द्या.

अजून एक, कारण वडील गावातल्या केंद्रात आधारचा अंगठा लावून बँक खात्यातले पैसे काढतात असं तुम्ही म्हणालात. कपाशी वेचून, निंदणी करून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. केंद्रवाला म्हणतो, ‘बाबा, परत लावा.’ दुसऱ्यांदा लावण्याआधी पहिल्या वेळेची पावती मागायला वडिलांना शिकवा, कारण ‘फेल’ सांगितलेला व्यवहार खात्यातून वजा झालेला असू शकतो. पासबुक महिन्याला भरून घ्या. काम नसेल तेव्हा आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे) लॉक करून ठेवता येतं, तुमच्या मोबाइलवरूनही होईल. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेत लेखी अर्ज द्या.

बियाण्याची घाई मला कळते. तेवढ्यापुरती ओळखीच्या कृषी केंद्रात उधारी करा, पण भाव आणि व्याज बिलावर लिहून घ्या. रिपोर्ट हातात आला की खाते क्रमांक झाकून थकीतचा रकाना इथे टाका. कोणत्या बँकेकडे काय अर्ज करायचा, त्याचा मसुदा मी लिहून देतो.