स्विस म्हणजे नक्की कोण? इथे १९ वर्षं काढलेल्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. झ्युरिकला येऊन आठ महिने झालेत, चार भाषांच्या या देशात "आम्ही स्विस" असं काही असतं का ते कळत नाही, शेजारी 'ग्रुएत्सी'च्या (म्हणजे नमस्काराच्या) पुढे सरकत नाहीत आणि त्यांच्याकडून आलेली पहिली लेखी गोष्ट म्हणजे कपडे धुवायच्या खोलीतली चिठ्ठी, की मशीनच्या रबरातलं पाणी पुसून जात जा. लोक थंड आहेत का, आणि आपण कधी यांच्यातले होऊ का, असं विचारलंय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी चिठ्ठी. तळघरातली ती सगळ्यांची मिळून असलेली वाशक्युखे, म्हणजे धुण्याची खोली, कुणाचा वार कुठला याचा भिंतीवर तक्ता, किल्ली देण्याघेण्याची पद्धत, फिल्टरमधला कचरा काढून ठेवणं, हे सगळं म्हणजे अख्ख्या देशाचं छोटं मॉडेल समजा. आपण पुणेरी पाट्यांवर हसत मोठे झालो, तर इथे सदाशिव पेठ तळघरात आहे एवढंच. आणि यांना स्वतःला हे माहीत नाही असं नाही हां, 'ब्युन्त्सली' असा शब्दच आहे त्यासाठी, म्हणजे नियमावर बोट ठेवणारा, कुंपण टेप लावून कापणारा, शेजाऱ्याच्या गाडीचं चाक पांढऱ्या रेषेवर आलंय का ते खिडकीतून बघणारा. तसा टोमणाच, पण लोक स्वतःलाच हसत हसत लावून घेतात.

मी २००६ ला आले, आरगाऊ कँटनमधल्या (कँटन म्हणजे इथलं राज्य) बाडेनजवळच्या एका गावात, नवऱ्याच्या नोकरीमुळे. पहिल्याच महिन्यात रद्दीचा दिवस आला. मी आपली पिशवीत पेपर कोंबले, वर दोन पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि रस्त्याच्या कडेला ठेवून आले. दुपारी बघते तर सगळ्या गल्लीची रद्दी गेलेली आणि माझी पिशवी एकटी, त्यावर स्टिकर. लाज वाटली हो. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, हातात सुतळीचं बिंडल, आत आल्या नाहीत, जिन्यातच खाली बसल्या, पुठ्ठा वेगळा केला, पेपर घडीला घडी लावून रचले, सुतळी उभी-आडवी फिरवून वर अशी गाठ मारली की बोट घालून उचलता येईल. मग बिंडल माझ्या हातात दिलं आणि गेल्या. एक शब्द नाही! मला तेव्हा तो अपमान वाटला होता, रात्री आईला फोनवर रडून सांगितलं. आज माझं मत असंय की तेच माझं स्वागत होतं, फक्त त्यात पेढा नव्हता.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही देश शोधताय आणि इथे आधी गाव असतं. स्विस पासपोर्ट कुणाचा तरी हातात घेऊन बघा, त्यात जन्मठिकाण नसतंच. त्या जागी असतो 'हाइमाटओर्ट', म्हणजे मूळ गाव. बापजाद्यांना जिथला नागरिक-हक्क होता ते गाव, मग तुम्ही जन्मलात बाझलला आणि राहता जिनिव्हाला तरी पासपोर्टात एखादं असं खेडं असेल जिथे तुम्ही आयुष्यात पाय ठेवलेला नाही. कितीतरी जणांनी खरंच ठेवलेला नसतो. पूर्वी याला फार अर्थ होता, माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी त्या मूळ गावाची असायची, म्हणून गाव कुणालाही सहजासहजी आत घ्यायचं नाही. आपल्याकडे "मूळचे कुठले तुम्ही?" हा दुसरा प्रश्न असतो ना, आणि आडनावाला 'कर' लावून फिरतो आपण, तेच यांनी सरकारी कागदावर आणलंय. मला स्वित्झर्लंड कळायला लागलं ते इथून.

त्यामुळे स्विस होण्याची पद्धतही खालून वर जाते. आधी गाव, मग कँटन, मग देश, तीन ठिकाणची मंजुरी. आत्ताच्या कायद्यात, म्हणजे २०१८ पासून, १० वर्षं राहणं आणि हातात सी परमिट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लागतं (आधी १२ वर्षं होती), ८ ते १८ वयातली वर्षं मुलांना दुप्पट धरतात, भाषेची परीक्षा असते. पण खरी गंमत गावातच. काही गावांत पूर्वी चक्क मतपेटी लावून अर्जदारांवर मतदान व्हायचं, लुत्सर्नजवळच्या एमेनचं प्रकरण फार गाजलं होतं, शेवटी २००३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं गुप्त मतदानाने कारण न देता कुणाला नाकारता येणार नाही. आरगाऊमधल्याच एका गावात एका डच बाईंना दोनदा नाकारलं होतं कारण त्या गाईंच्या गळ्यातल्या घंटांविरुद्ध बोलायच्या! भाषा येत होती, मुलं स्विस, सगळं होतं, पण गाव रागावलं होतं. शेवटी कँटनने हस्तक्षेप केल्यावर २०१७ मध्ये मिळालं त्यांना.

माझं २०१९ ला झालं. आमच्या गावाची ग्रामसभा शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये भरते, भिंतीला चढायच्या लाकडी पट्ट्या, जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा आणि त्यावर ओळीने खुर्च्या. आधी गटाराच्या पाइपच्या खर्चावर पाऊण तास चर्चा झाली, आकडे कवडीपर्यंत. मग आमचा नंबर. आम्हा अर्जदारांना बाहेर जायला सांगितलं, आम्ही चौघं आणि एक कोसोव्होचं कुटुंब, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभे, वर लहान मुलांची नावं चिकटवलेली. आत हात वर होत असणार. त्या कुटुंबातला बाप दार उघडेपर्यंत टायची गाठ सैल करायचा आणि परत आवळायचा. पाच-सात मिनिटंच, पण माझ्या बारावीच्या निकालालाही एवढा वेळ लागला नव्हता असं वाटलं. आत बोलावलं, टाळ्या झाल्या, मग आपेरो, म्हणजे व्हाइट वाइन, चिप्स आणि वेणीसारखा पाव. त्या सुतळीवाल्या आजी आल्या होत्या, त्यांनी हात वर केला असणार, पण तेही बोलल्या नाहीत. तर आता माझ्या पासपोर्टात मूळ गाव म्हणून हे गाव आहे. सासूबाईंनी पानं उलटून विचारलं, "आणि सांगली कुठेय यात?" सांगली नाहीच. (भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागतं, त्याबद्दल वेगळं विचारा, ते दुखणं वेगळं आहे.)

चार भाषांचं म्हणाल तर त्याचं उत्तर असं की भाषेवर देश उभाच केला नाही. १२९१ ची कँटनांनी एकत्र येण्याची शपथ, विल्यम टेल, सफरचंद, हे १ ऑगस्टच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, भाषणांसाठी ठीक आहे, टेल तर दंतकथाच. आत्ताचा देश आहे १८४८ चा. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅथलिक कँटन आणि बाकीचे यांच्यात छोटं यादवी युद्ध झालं, महिनाभरही चाललं नाही, मेले ते शंभराच्या आसपास. जिंकलेल्या बाजूचा सेनापती द्युफूर, त्याने जखमींना आणि कैद्यांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली होती, पुढे रेडक्रॉसच्या स्थापनेतही तोच आहे. आणि जिंकलेल्यांनी राज्यघटना करताना हरलेल्या छोट्या कँटनांना वरच्या सभागृहात मोठ्यांइतक्याच जागा दिल्या. आजही घटना बदलायची तर नुसत्या मतांचं बहुमत चालत नाही, कँटनांचंही लागतं. गाडीवर देशाची खूण म्हणून सीएच का असतं? 'कॉन्फेडरेशिओ हेल्वेटिका' या लॅटिन नावाची अक्षरं आहेत ती, म्हणजे चारांपैकी कुणाचीच भाषा वर नको. चौथी भाषा रोमांश, ती बोलणारे जेमतेम अर्धा टक्का, तरी १९३८ ला मतदान घेऊन तिला राष्ट्रीय भाषा केलं.

म्हणजे भांडणं नाहीत असं नाही. जर्मनवाले आणि फ्रेंचवाले यांच्यातल्या दरीला 'रोश्टीग्राबन' म्हणतात, बटाट्याच्या रोश्टीवरून, आणि रविवारी मतदानाच्या निकालांचा नकाशा आला की ती दरी कधीकधी रंगात दिसते. वर्षातून साधारण चार वेळा मतदान असतं, जाड पाकीट घरी येतं, बरोबर सरकारची लाल पुस्तिका, दोन्ही बाजू लिहिलेल्या. २०१२ मध्ये सगळ्यांना सहा आठवडे रजा द्या असा प्रस्ताव होता आणि दोन तृतीयांश लोकांनी नको म्हटलं. मी तेव्हा ऑफिसात खुळ्यासारखी विचारत होते, अहो फुकटची रजा का नाकारता? तर एक सहकारी म्हणाला, फुकटची कुठे, छोट्या सुताराला कशी परवडेल? तो स्वतः बँकेत होता.

पण आरतीच ओवाळत नाही मी. याच लोकशाहीत बायकांना देशपातळीवर मत मिळायला १९७१ उजाडावं लागलं, आणि आपेनत्सेल इनररोडन कँटनात तिथल्या कारभारावर मत मिळालं ते १९९० ला कोर्टाने भाग पाडलं तेव्हा. माझ्या आजीने सांगलीत १९५२ ला शिक्का मारला होता, अंगठेबहाद्दर असून. आमच्या खालच्या आजींना तेहतीस वर्षांच्या होईपर्यंत मत नव्हतं. हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, आणि नवरा विचारायचाही नाही." आणि परक्यांचं म्हणाल तर १९७० मध्ये परदेशी लोक जिनिव्हा सोडून प्रत्येक कँटनात दहा टक्क्यांवर नकोत असा प्रस्ताव आला होता, रोख मुख्यतः इटालियन मजुरांवर. पडला, पण ४६ टक्के लोक बाजूने होते. त्या मजुरांनी तेव्हा हंगामी परवान्यावर नऊ महिने यायचं, बायकामुलं आणायची परवानगी नाही, काहींनी मुलं घरात लपवून वाढवली, खिडकीशी जायचं नाही, आवाज करायचा नाही. ते बोगदे, ते रस्ते त्यांनी बांधलेत. आज त्यांच्या नातवंडांना कुणी परकं म्हणत नाही. आता ती जागा कोसोव्होवाल्यांकडे आणि थोडी आपल्याकडे आली आहे. माझ्यासारखीला मागून 'पापीर्लीश्वीत्सर' म्हणणारेही आहेत, म्हणजे कागदापुरती स्विस. एकदा ऐकलं, वाईट वाटलं, मग लक्षात आलं की तो कागद मिळवायला मी गटाराच्या पाइपची चर्चा पूर्ण ऐकली आहे, म्हणणाऱ्याने नसेल ऐकली.

थंड आहेत का? सावकाश आहेत. आपल्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो ते कळतही नाही, इथे त्याचा चक्क विधी असतो. वयाने मोठ्या माणसाने विषय काढायचा, धाकट्याने काढला तर आगाऊपणा. आजींनी मला ओळखीच्या पाचव्या वर्षी ग्लास हातात घेऊन, डोळ्यात बघून स्वतःचं पहिलं नाव सांगितलं, मी माझं, ग्लास भिडवले, झालं. त्यानंतर घराची किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची माझ्याकडे. आणि नवीन आलेल्याने स्वतः जाऊन दार वाजवायचं असतं, ही रीत आपल्या उलटी आहे, तुम्ही वाट बघताय आणि तेही बघतायत.

करायचं काय तर मराठी मंडळाचा गणपती सोडू नका, पण एक 'फेराइन' धरा. गावात गाण्याचं, नेमबाजीचं, चालण्याचं, कशाचं ना कशाचं मंडळ असतंच. इथली स्विस जर्मन बोली समजायला लागेल एवढी शिका, पुस्तकी जर्मनला ते परीक्षेसारखं उत्तर देतात. आणि एकदा 'श्विंगन' बघायला जा, यांची कुस्ती, लाकडाच्या भुशात, तागाच्या चड्डीला धरून. मोठा फड तीन वर्षांनी, जिंकणाऱ्याला बैल. मी कुंडलचं मैदान बघत वाढलेली, मला वाटलं होतं काय दाखवणार हे, पण निकाल लागल्यावर जिंकलेला पैलवान हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा हाताने झाडतो, तिथे माझ्या घशात आवंढा आला.

आणि हो, फेब्रुवारीतला पहिला बुधवार, दुपारी दीड वाजता देशभर भोंगे वाजतील. चाचणी असते, घाबरू नका. मी पहिल्या वर्षी मुलाला कडेवर घेऊन चपलेशिवाय जिन्यातून खाली पळाले होते. आजी दारात उभ्या होत्या, घड्याळ बघत. म्हणाल्या, बरोबर आहे, दीड.