जॉर्ज मायकन केवळ उंचीमुळे मोठा झाला का?

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिकन बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन हा ठेंगण्या खेळाडूंच्या काळातला उंच माणूस होता, यापलीकडे त्याच्या कारकिर्दीत काय होते? उंचीचा फायदा त्याला झाला, हे उघडच आहे. पण त्याचा खेळ उंचीने घडवला, हे मला अजिबात मान्य नाही.

1942 साली रे मेयर शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा त्यांच्या हाती लागलेला मायकन हा 6 फूट 10 इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि हालचालींत बोजड असलेला मुलगा होता. मेयर यांनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या आणि मुष्टियुद्धाचा सराव करून घेतला, त्याला नाचाचे धडेही घ्यायला लावले. रिंगखाली उभे राहून उजव्या बाजूने उजव्या हाताने चेंडू टाकायचा, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलायचा आणि लगेच डावीकडे पाऊल टाकून डाव्या हाताने तेच करायचे, हा आज जगभर मायकनच्याच नावाने ओळखला जाणारा सराव त्या मेहनतीतून आलेला आहे. नव्या मुलांकडून मी तो करून घेतो, तेव्हा पहिल्या मिनिटातच त्यांचे हात खांद्यांखाली येऊ लागतात. मायकन तो तासन्‌तास करीत असे. 1945 साली र्‍होड आयलंडच्या कॉलेज संघाविरुद्ध त्याने एकट्याने 53 गुण केले आणि समोरच्या अख्ख्या संघाचे गुणही 53च झाले.

व्यावसायिक खेळात तो 1946 साली शिकागो अमेरिकन गिअर्स या संघाकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. पुढे गिअर्सच्या मालकाने स्वतःची वेगळी लीग काढली, ती काही आठवड्यांतच बंद पडली आणि मायकन मिनीआपोलिस लेकर्स या संघाकडे गेला. तिथे 1948 ते 1954 या सात हंगामांत लेकर्सने सहा विजेतेपदे मिळवली.

माझ्या मते खरा पुरावा 1951 सालचा आहे. त्याला रिंगजवळ ठाण मांडता येऊ नये, म्हणून रिंगखालच्या पट्ट्याची (जिथे चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) रुंदी 6 फुटांवरून 12 फूट करण्यात आली. दर सामन्यातली त्याची सरासरी 28.4 गुणांवरून 23.8 वर घसरली हे खरे, पण त्यानंतर लेकर्सने सलग तीन विजेतेपदे जिंकली. नुसत्या उंचीवर खेळणारा माणूस पट्टा दुप्पट झाल्यावर टिकला नसता. त्याची धास्ती किती होती, हे 22 नोव्हेंबर 1950 च्या सामन्यात दिसते: फोर्ट वेनच्या संघाने चेंडू जवळच धरून वेळ काढला आणि लेकर्सला 19-18 असे हरवले, त्या 18 पैकी 15 गुण मायकनचे होते.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते शेवटच्या हंगामापुरते. चेंडू ताब्यात आल्यावर 24 सेकंदांत रिंगकडे टाकायचा नियम 1954 साली आला, त्याच वर्षी मायकन निवृत्त झाला होता. 1955-56 मध्ये तो परतला, तेव्हा वेगवान झालेल्या खेळात 37 सामन्यांत त्याची सरासरी 10.5 एवढीच राहिली. मात्र दीड हंगाम मैदानाबाहेर राहिलेल्या, हाडे अनेकदा मोडून घेतलेल्या खेळाडूचे ते आकडे आहेत. त्यांवरून त्याच्या आधीच्या सात वर्षांचे मोल ठरवणे मला अन्यायाचे वाटते.